गिटहबवर आहे म्हणजे खरंच असणार ना, ताई?

दिवाळीच्या पाडव्याला मी इचलकरंजीला मावशीकडे होते. फराळाच्या ताटल्या उचलल्या तसा मावसभाऊ म्हणाला, "ताई, जरा माडीवर ये की. एक दाखवायचं हाय." वर गेल्यावर त्याने दार लोटून घेतलं. तेव्हाच ओळखलं, विषय पैशाचा आहे आणि मावशीच्या कानावर गेलेला नाही.

तो खर्चीवाला यंत्रमागधारक. व्यापारी सुताचं बीम देतो, हा कापड विणून देतो आणि पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घेतो. विजेचं बिल वाढत गेलं, मजुरी आहे तिथेच राहिली, आठातले दोन माग त्याने भंगाराच्या भावात विकले. हे आधी सांगते, कारण माणूस फसला की लोक लगेच 'हाव नडली' म्हणून मोकळे होतात. त्याची हाव मी कधी बघितली नाही. महिन्याचा मेळ कसा बसवायचा या काळजीने रात्री अंगणात फेऱ्या मारताना मात्र त्याला बघितलं आहे.

मोबाईलवर एका कॉइनची, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल नाण्याची, वेबसाइट होती. नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. स्वतःची ब्लॉकचेन (अनेक कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेली व्यवहारांची सामायिक वही), त्यावर मालट्रकांचा ठावठिकाणा आणि बिल्टी नोंदवणारं सॉफ्टवेअर, आणि ते सॉफ्टवेअर चालायला 'इंधन' म्हणून हा कॉइन. दिवसाला एक टक्का परतावा. त्याने १,८०,००० रुपये घातले होते आणि ॲप ४,१२,००० दाखवत होतं.

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "हवेतलं न्हाई हे. सॉफ्टवेअर हाय. कोड गिटहबवर उघडा ठेवलाय. तूच म्हणाली होतीस, कोड उघडा असला की लपवाछपवी चालत नाही. गिटहबवर आहे म्हणजे खरंच असणार ना, ताई?"

गिटहब ही प्रोग्रामर मंडळी आपला कोड ठेवतात ती वेबसाइट. आणि उघड्या कोडबद्दल म्हणाले होते मी तसं. तीन वर्षांपूर्वी, त्याच्या मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून देताना. ते वाक्य मनापासूनचं होतं आणि आजही आहे. पण ज्या गोष्टीवर आम्ही सॉफ्टवेअरवाले मनापासून विश्वास ठेवतो, नेमकी तीच कोणीतरी आमिष म्हणून लावली होती. याचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसले.

माझं काम पुण्यात, बँकांच्या सॉफ्टवेअरचा कोड तपासायचं. सतरा वर्षं दुसऱ्याचं लिहिलेलं वाचते आणि कुठे चुकलंय ते सांगते. लॅपटॉप सोबत होताच. माडीवरच्या पलंगावर आम्ही दोघं बसलो आणि मी त्याच्यादेखत एकेक गोष्ट उघडत गेले.

आधी स्टार. गिटहबवर एखादा प्रकल्प आवडला की लोक स्टार देतात. इथे २,३०० होते. शेजारीच 'इश्यू'चा कप्पा असतो, म्हणजे वापरणाऱ्यांनी केलेल्या तक्रारी, विचारलेले प्रश्न. तिथे शून्य. मी त्याला विचारलं, "तेवीसशे लोकांनी तुझं कापड नेलं आणि एकानेही किनार खराब आहे, ताका कमी भरला, असं काही कळवलं नाही, असं कधी होईल का?" तो हसला नाही. नुसती मान हलवली. स्टार विकत मिळतात. २०२४ मध्ये काही संशोधकांनी गिटहबवरच्या नोंदी चाळून असे ४५ लाख संशयास्पद स्टार शोधले, आणि त्यांतला मोठा भाग क्रिप्टोचे व्यवहार आपोआप करणारे बॉट, गेमचे चीट, फुकटातलं चोरीचं सॉफ्टवेअर असं काही असल्याचं सोंग घेतलेल्या घातक प्रकल्पांसाठी वापरला होता.

मग कमिट, म्हणजे कोडमध्ये कोणी कधी काय बदललं याची वही. एकशे चाळीस नोंदी होत्या. एक सोडून सगळ्या रीडमी, म्हणजे प्रकल्पाची माहिती देणाऱ्या, फाइलमधल्या: कुठे स्वल्पविराम बदलला, कुठे लोगो. उरलेल्या एका नोंदीत मात्र चौदाशे फायली एकाच दिवशी आल्या होत्या. एवढ्यावरून मी निकाल दिला नाही. कंपनीत बंद दाराआड बनलेला कोड कधीकधी असा एकगठ्ठा बाहेर येतो. आणि उलट बाजूही सांगते: कमिटची तारीख लिहिणाऱ्याला हवी ती घालता येते. पाच वर्षांचा इतिहास एका दुपारी तयार करता येतो. तेव्हा नुसती जुनी तारीख बघून कोणी भुलू नये.

खरा उलगडा कोडच्या आत झाला. ती सगळी लाइटकॉइन या जुन्या क्रिप्टो नाण्याच्या कोडची प्रत होती. आता प्रत काढणं हा गुन्हा नाही. बिटकॉइनचा कोड एमआयटी या कोणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला आहे, लाइटकॉइन स्वतः २०११ मध्ये त्यातूनच निघालं, तेही उघडपणे सांगून. इथे मात्र 'शोधा आणि बदला' करून नाव पुसलं होतं, आणि चाचणीच्या दोन फायलींमध्ये जुनं नाव पुसायचं राहून गेलं होतं. तेही एक वेळ चालेल म्हणा. मग मी चौदाशे फायलींमध्ये तीन शब्द शोधले: ट्रक, शिपमेंट, इनव्हॉइस. तिन्ही वेळा उत्तर एकच, काही सापडलं नाही. मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर म्हणवणाऱ्या कोडमध्ये ट्रकचा शब्दसुद्धा नव्हता.

भाऊ बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण कॉइन तर आहे. मी घेतलाय."

तो कॉइन या कोडवर चालतच नव्हता. तो बीएनबी चेन या दुसऱ्याच ब्लॉकचेनवर बनवलेला एक टोकन, म्हणजे दुसऱ्याच्या ब्लॉकचेनवर चालणारं नाणं, होता, असा टोकन तयार मसुदा घेऊन तासाभरात बनतो. दाखवलेला कोड आणि विकलेला कॉइन यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. हे त्याला समजावून सांगावंच लागलं नाही. "म्हणजे सँपल एका मिलचं आणि गाठीत माल दुसराच," तो म्हणाला. कापडावर भिंग ठेवून इंचातले पिक मोजणारा माणूस तो. हे भिंग त्याच्या हातात आधी कोणी दिलं नव्हतं, एवढंच.

टोकनचा करार, म्हणजे त्याचे नियम लिहिलेला छोटा प्रोग्राम, बीएनबी चेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या बीएससी-स्कॅन या वेबसाइटवर कोणालाही उघडून वाचता येतो. मी तिथे 'मिंट' शोधलं. नवे टोकन छापायचा अधिकार होता आणि पुढे लिहिलं होतं 'ओन्ली ओनर', फक्त मालकाला, हवे तेवढे. खाली एक यादी होती. खरेदी कोणीही करावी, पण विक्री त्या यादीत वॉलेटचा पत्ता (क्रिप्टोचा खातेक्रमांकच तो) असलेल्यालाच. भावाचा पत्ता यादीत असायचं कारणच नव्हतं. आणि 'होल्डर'च्या, म्हणजे कोणाकडे किती टोकन आहेत ते दाखवणाऱ्या, पानावर पहिल्या दोन पत्त्यांकडे मिळून ९४ टक्के टोकन.

विकताच न येणाऱ्या टोकनची जगभर गाजलेली गोष्ट २०२१ ची आहे. 'स्क्विड गेम' मालिकेच्या नावावर कोणीतरी टोकन काढला, येणार असलेल्या एका ऑनलाइन खेळाचं प्रवेशशुल्क म्हणून. भाव चढत चढत १ नोव्हेंबरला २,८०० डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत शून्याला टेकला. चढत असताना लोक विकायला धावले, तर विकताच येईना. बनवणारे तेहतीस लाखांहून जास्त डॉलर घेऊन गेले. भाव चढतोय म्हणजे मागणी आहे असं आपण समजतो. विकायची बंदी घातली की भाव चढण्यावाचून दुसरं काही करूच शकत नाही.

"पाच हजार काढून बघ," मी म्हटलं. त्याने काढायचा प्रयत्न केला. ॲपने उत्तर दिलं: आधी रकमेच्या १८ टक्के 'सरकारी कर' भरा, मग पैसे सुटतील. हा कर कुठलाही नाही. आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तो आपण प्राप्तिकर खात्याला भरतो. जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएस आहे, तो रकमेतून कापून घेतात. तुमचेच पैसे द्यायला तुमच्याकडून आधी पैसे मागणारा कर कायद्यात नाही. हे त्याला कळलं तेव्हा त्याच्या हातातला मोबाईल थरथरत होता. मी तो काढून घेतला आणि पालथा ठेवला.

ॲपमधले ४,१२,००० म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेला एक आकडा. वनकॉइनची गोष्ट आठवते. बल्गेरियातल्या रुजा इग्नातोव्हा यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं हे नाणं जगभर विकलं गेलं, अब्जावधी डॉलर गोळा झाले. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या बियॉर्न ब्यर्के या तज्ज्ञाला एका कंपनीसाठी ब्लॉकचेन बनवून द्यायची नोकरी देऊ केली गेली. त्याने विचारलं, कंपनीकडे आज काय आहे? उत्तर आलं, नाणं आहे, ब्लॉकचेन नाही. कंपनी कोणती, तर वनकॉइन. नाणं दोन वर्षं विकून झालं होतं आणि मागे होता फक्त साधा डेटाबेस. ते लोण आपल्याकडेही आलं होतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबई पोलिसांनी त्यांच्या प्रचाराच्या सभेत जाऊन माणसं धरली. इग्नातोव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गायब झाल्या, त्या अजून सापडलेल्या नाहीत.

यातून मी एक प्रश्न उचलला आहे आणि तोच सगळ्यांना विचारायला सांगते. कॉइन बाजूला काढला तर मागे काय उरतं? एखादा माणूस पैसे न घालता ते सॉफ्टवेअर आज वापरू शकतो का? बिटकॉइनबद्दल मत काहीही असो, त्याचा क्रम बघा. ३१ ऑक्टोबर २००८ ला नऊ पानांचा लेख आला, जानेवारी २००९ मध्ये चालणारं सॉफ्टवेअर आलं आणि ज्याला हवं त्याने ते फुकट चालवलं. आधी कोणी काही विकलं नाही. भावाच्या कॉइनचं 'व्हाइटपेपर' (प्रकल्पाची मांडणी करणारा कागद) अडतीस पानांचं होतं. त्यातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलला दिलं तर तो परिच्छेद दुसऱ्याच प्रकल्पाच्या कागदात जसाच्या तसा मिळाला. ही युक्ती जुनी आहे. २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने असे १,४५० कागद तपासले तेव्हा २७१ मध्ये उचललेला मजकूर, बनावट टीम किंवा अशक्य परताव्याची आश्वासनं सापडली होती. त्याच वर्षी मिरोस्की नावाच्या एका प्रकल्पाच्या टीममध्ये ग्राफिक डिझायनर म्हणून जो फोटो होता तो हॉलिवूडचा नट रायन गॉसलिंगचा. तेव्हा टीमचे फोटो गूगल लेन्सवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, ती घालवावीत.

परताव्याचा हिशोब तर पोरांना शाळेत शिकवतात तो आहे. दिवसाला एक टक्का चक्रवाढीने धरला तर वर्षात लाखाचे सदतीस लाख होतात. असं सॉफ्टवेअर ज्याच्याकडे आहे तो इचलकरंजीत येऊन खर्चीवाल्याकडून वीस-वीस हजार का गोळा करेल? 'ट्रेडिंग बॉट', 'क्लाउड मायनिंग' (दुसरीकडच्या कॉम्प्युटरवर भाड्याने नाणी तयार करून घेणं) हे शब्द या प्रश्नावर पांघरूण घालायला असतात. बिटकनेक्ट या क्रिप्टो योजनेने बॉट आणि 'व्होलाटिलिटी सॉफ्टवेअर' सांगितलं आणि जानेवारी २०१८ मध्ये दुकान बंद केलं. अमेरिकी सरकारने २०२२ मध्ये त्याच्या सुरतच्या संस्थापकावर २४० कोटी डॉलरच्या फसवणुकीचा आरोप ठेवला. गेनबिटकॉइन या योजनेने मायनिंगच्या नावावर अठरा महिने दरमहा दहा टक्के सांगितले. पुण्यात २०१८ मध्ये गुन्हा दाखल झाला, मुख्य आरोपी २०२२ मध्ये वारला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने देशभर साठेक ठिकाणी झडत्या घेतल्या तरी प्रकरण संपलेलं नाही. पुण्यात माझ्या ओळखीतली दोन घरं त्यात पोळलेली आहेत.

कोड येणारा माणूस यातून सुटतो असंही नाही. आमच्या सोसायटीत तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगचा एक मुलगा आहे, सी प्लस प्लस चांगलं येतं. त्याने यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला: हा कोड घ्या, रीमिक्समध्ये (असे करार लिहून चालवायची वेबसाइट) पेस्ट करा, करारात थोडं इथर (इथिरियम ब्लॉकचेनचं नाणं) टाका, 'स्टार्ट' दाबा, बॉट मोठ्या व्यवहारांच्या पुढे उडी मारून नफा काढेल. खाली शंभरेक कमेंट, सगळ्या 'चाललं, धन्यवाद' छापाच्या. त्याने चाळीस हजारांचं इथर टाकलं.

तो कोड मी ओळ न् ओळ वाचला. 'मेमपूल' (अजून पूर्ण न झालेल्या व्यवहारांची रांग) शब्द नावात असलेली वीसेक फंक्शन होती, दिसायला भारदस्त. प्रत्येक फंक्शन गणिताचा आव आणून शेवटी अक्षरं आणि आकड्यांचा एक छोटा तुकडा परत देत होतं. एका ठिकाणी ते तुकडे एकापुढे एक जोडले जात होते, आणि जोडून तयार व्हायचा एक वॉलेटचा पत्ता. चोराचा पत्ता एकसंध लिहिला असता तर पोराने पाहिला असता, म्हणून त्याचे तुकडे करून वीस खोल्यांत लपवले होते. 'स्टार्ट' काय करायचं? करारात असेल ते सगळं इथर त्या पत्त्यावर पाठवायचं. 'विड्रॉ'सुद्धा तेच करायचं. पैसे परत घ्यायला बटण दाबलं तरी जायचे तिकडेच. मुलाने मला विचारलं, "काकू, मला हे दिसलं कसं नाही?" मी त्याला खरं तेच सांगितलं: ते तुला दिसू नये म्हणूनच लिहिलं होतं. पैसे हलवणारा कोड वाचताना फंक्शनच्या नावावर जाऊ नये. 'ट्रान्सफर' हा शब्द शोधावा आणि पैसे कुणाकडे जातात ते शेवटपर्यंत मागे-मागे जाऊन बघावं.

नोकरी शोधणाऱ्या पोरांना आणखी एक सांगते. लिंक्डइनवर रिक्रूटर भेटतो, क्रिप्टो कंपनीत जागा आहे म्हणतो, परीक्षा म्हणून गिटहबवरचा प्रकल्प देतो: हा चालवून यातली चूक दुरुस्त करा. चालवला की वॉलेटच्या किल्ल्या आणि ब्राउझरमधले पासवर्ड चोरीला जातात. उत्तर कोरियाशी जोडल्या गेलेल्या अशा टोळीचा माग सुरक्षा संशोधकांनी २०२३ मध्ये जाहीर केला, तिला 'कंटेजस इंटरव्ह्यू' असं नाव पडलं आहे. अनोळखी माणसाचा कोड स्वतःच्या मशीनवर चालवू नका. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत वेगळा चालणारा कॉम्प्युटर, फुकट मिळतं, त्यात चालवा, आणि त्यात वॉलेट ठेवू नका.

त्या रात्री माडीवरून आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. भावाने शेवटचे तीस हजार चारच दिवसांपूर्वी टेलिग्रामवरच्या 'एजंट'च्या सांगण्यावरून यूपीआयने कुणाकुणाच्या बँक खात्यांवर पाठवले होते. यूटीआर क्रमांक (बँकेतल्या प्रत्येक व्यवहाराचा असतो तो), चॅटचे स्क्रीनशॉट, टोकनच्या कराराचा पत्ता, सगळं तक्रारीला जोडलं. ॲप काढून टाकायला तो निघाला होता, मी थांबवलं. पुरावा आहे तो. वॉलेटचे बारा शब्द, म्हणजे त्याची किल्लीच, त्याने एजंटला 'सेटअप'साठी दिले होते, म्हणून त्यातलं उरलंसुरलं नव्या वॉलेटमध्ये हलवलं. तीस हजारांतले अकरा हजार एका खात्यात अडवले गेले. ते परत मिळायची वाट बघतोय. बाकीचे गेले. आठवडाभरात टेलिग्रामवर दुसरा माणूस आला, 'तुमचे पैसे काढून देतो, फी पंधरा हजार'. फसलेल्यांच्या याद्या हेच लोक एकमेकांना देतात. त्याने मला लगेच फोन केला, म्हणून ते तरी वाचले.

खाली उतरून मावशीला सांगणं त्याने स्वतः केलं. मी जिन्यात उभी होते. मावशी काही बोलली नाही, गॅसवर चहा ठेवला.

सगळ्यात जड होतं ते वेगळंच. ॲपने 'माणसं जोडा, पाच टक्के मिळवा' म्हटल्यावर त्याने सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमधल्या मेहताला आणि त्याच्या मागांवर कांडी भरणाऱ्या बाईंना जोडलं होतं. मेहताने पैसे पाठवले नव्हते. बाईंनी भिशी लागल्यावर वीस हजार घातले होते, मुलीच्या नर्सिंगच्या फीचे. त्यांनी यातलं काही वाचलं नव्हतं, त्यांना इंग्रजी येत नाही. "मालकांनी सांगितलं म्हणून घातले," एवढंच त्या म्हणाल्या. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेला आणि ते पैसे मी देणार असं सांगून आला. डिसेंबरपासून दर महिन्याच्या पगाराबरोबर दोन हजार देतो आणि वहीत सही घेतो. काल सहाव्या हप्त्याच्या सहीचा फोटो त्याने मला पाठवला. चार राहिलेत.